बारा तारा बाहेर, सात आत

२ मार्च

प्रिय धाकटोबा,

पत्र बघून घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे, आणि मी तुझ्यासाठी मुलगीसुद्धा पाहिलेली नाही. हे आधीच सांगितलं, कारण त्याशिवाय तू माझी पत्रं पुढे वाचत नाहीस.

आता काम. आमच्या पलंगाखाली स्टेनलेसच्या तारेचं एक भलंमोठं वेटोळं पडलंय. केर काढताना ते रोज माझ्या नडगीला लागतं आणि मी रोज तुमच्या घराण्याचा उद्धार करते. वेटोळ्याशेजारी एक खोका आहे. त्यात चकचकीत टर्मिनलं, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचे ते तुकडे, कापडात गुंडाळून ठेवलेत. तुझ्या दादांनी हे सगळं गेल्या उन्हाळ्यात आणवलं होतं. होडीच्या डोलकाठीला चारी बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा जुन्या झाल्या, त्या बदलायच्या, असा बेत होता. मग ते राहून गेलं.

आता मात्र मनावर घेतलंय. गोदीतल्या क्रेनवाल्याने डोलकाठी उतरवून लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आहे, म्हणजे वर चढायची भानगड नाही. पण ही टर्मिनलं यंत्राने दाबून बसवायची नाहीत, हाताने, पान्याने बसवायची आहेत. हे विचारतायत की त्याची नेमकी रीत काय? तू तिकडे दिवसभर लोकांच्या बोटींच्या तारा ओढत असतोस, तर जरा घरच्यांनाही सांग.

फोन करू नकोस. फोनवर चित्र काढता येत नाही, आणि तुझ्या बेटावरच्या फोनमध्ये माणसापेक्षा समुद्रच जास्त ऐकू येतो.

तुझी,
वहिनी


१२ मार्च

प्रिय वहिनी,

'हे विचारतायत' एवढं वाचलं आणि पाकिटावरचं नाव माझंच आहे ना, ते पुन्हा बघितलं. दादाने जन्मात मला एकच प्रश्न विचारलाय: 'झालं का?' कसं करायचं, हे त्याने मलाच काय, देवालाही विचारलं नसतं. तब्येत बरी आहे ना त्याची?

असो. विचारलंय तर सांगतो. सोबत चित्र जोडलंय, ते समोर ठेवून वाच. टर्मिनलचे चार भाग. एक बाही, शर्टाच्या बाहीसारखीच, तार तिच्यातून जाते. एक छोटा शंकू, मधोमध भोक असलेला आणि एका बाजूने उभा चिरलेला. एक वाटोळी टोपी, नखाएवढी. आणि शेवटी डोळा, ज्यात पिन जाते. तो बाहीवर आट्यांनी, स्क्रूसारखा फिरवून बसतो.

तार जवळून बघितलीस तर तिच्यात एकोणीस बारीक तारा दिसतील: बारा बाहेर, सात आत. आधी टोकाला चिकटपट्टी गुंडाळून हॅकसॉ करवतीने सरळ कापायची. पक्कडीने चावून तोडायची नाही, टोक चेपतं. मग बाही ओवायची. मग बाहेरच्या बारा तारा उलट पीळ देऊन सैल करायच्या आणि आतल्या सातांवर शंकू चढवायचा, बारीक तोंड मागे, रुंद तोंड टोकाकडे. आतल्या तारा रुंद तोंडातून जेमतेम दीड मिलिमीटर बाहेर दिसल्या पाहिजेत. मग बाहेरच्या बाराही पुन्हा शंकूभोवती सारख्या अंतराने बसवायच्या, आणि बाही वर ओढून घ्यायची. आता डोळ्याच्या पोटात टोपी ठेवून तो बाहीवर आवळायचा. तारांची टोकं आपोआप आत वळतात. जितका ताण येईल तितका शंकू आत रुततो आणि पकड घट्ट होते. आमच्या यंत्राने दाबलेल्या टोकात हे सुख नाही. एकदा दाबलं की आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. हे मात्र उघडून बघता येतं.

दादाला म्हणावं, पहिली दोन टोकं जुन्या तारेवर करून बघ. त्याला राग येईल. येऊ दे.

धाकटा


२१ मार्च

प्रिय धाकटोबा,

'झालं का?' वाचून दाखवलं. हे खूप हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

जुन्या तारेवर करून पाहिलं. पहिल्या खेपेला सगळं छान जमलं. तारा सुटल्या, शंकू बसला, बाराही जणी शहाण्या मुलींसारख्या भोवती उभ्या राहिल्या. मग लक्षात आलं की बाही टेबलावरच राहिली. ती ओवायची तर सगळं पुन्हा सोडायला हवं. क्रेनवाला बाजूला उभा होता. तो इतकं गंभीर तोंड करून वळला की पाठीवरूनही त्याचं हसू दिसत होतं.

दुसऱ्या खेपेला बाही आठवणीने ओवली, तर ती सरकत सरकत तारेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन जमिनीवर पडली. आता तिच्यामागे एक कपडे वाळत घालायचा चिमटा लावतो. हे तुझ्या चित्रात नव्हतं.

आणि चित्रावरून आठवलं. अरे, काय सुरेख चित्र आहे ते! रेघ कशी, सावली कशी, आटेसुद्धा एकेक मोजून घ्यावेत असे. तू लहानपणी मांजर काढलंस की खाली 'मांजर' लिहावं लागायचं. आणि दुसरी गंमत. शाळेपासून तू 'आणि'ची णि दीर्घ काढतोस, मास्तरांनी हात दुखेस्तोवर छड्या मारल्या तरी. या पत्रात सगळे 'आणि' ऱ्हस्व आहेत. मी भिंग लावून तपासले. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या बाईला पत्र लिहिताना एवढं लक्षात ठेवायचं असतं.

तिकडे कोण आहे?

वहिनी

ता. क. आवळून उघडल्यावर एक तार शंकूच्या चिरेत घुसलेली दिसली. चालेल का?


१ एप्रिल

प्रिय वहिनी,

मुळीच चालणार नाही. चिरेत तार घुसली म्हणजे शंकूला आवळून बसता येत नाही आणि सगळा भार बाकीच्यांवर पडतो. सोड आणि पुन्हा कर. चीर नेहमी दोन तारांच्या मधे येईल असं बघायचं.

टोक जमलं की शेवटचा सोपस्कार. उघडून आत सीलंट भर, पाणी शिरायला जागाच राहता कामा नये. आट्यांना पक्कं करणाऱ्या त्या निळ्या द्रवाचा एक थेंब. तुझ्या दुकानात आहेच तो, चष्म्याच्या काडीच्या स्क्रूला लावतेस तोच. मग आवळायचं, पण पैलवानासारखं नाही. स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटून बसले की जन्मभर सुटत नाहीत. घट्ट लागलं की हात थांबला पाहिजे.

चित्राचं म्हणशील तर ऑफिसात एक जण आहे, नकाशे काढतो. त्याला सांगितलं, त्याने काढून दिलं. पत्राची नक्कलही तोच करतो, माझं अक्षर कुणाला लागत नाही म्हणून. झालं समाधान?

आता माझी पाळी. तुझ्या पत्रात तीन ठिकाणी 'मी' लिहून खोडलंयस. खोडलेलं उजेडासमोर धरलं की दिसतं. भिंग माझ्याकडेही आहे, तूच पाठवलेलं. शिवाय दादा बाही ओवायला विसरेल? ज्याने मला सहाव्या वर्षी गाठी मारायला शिकवलं, तो? वहिनी, टर्मिनलं कोण बसवतंय?

धाकटा


९ एप्रिल

प्रिय धाकटोबा,

बरं बाबा, मी बसवतेय. झालं का?

ह्यांचा उजवा खांदा धरलाय. पाना आवळणं जमत नाही. पण रोज दुपारी गोदीत येतात, खुर्ची टाकून शेजारी बसतात, तारेचं दुसरं टोक डाव्या हाताने धरतात आणि माझ्या चुका काढतात. दुकान दुपारी बंद ठेवते. गिऱ्हाईकं गोदीत येऊन चष्म्याची काडी घट्ट करून घेतात. काल एका बाईंनी विचारलं, 'अहो, दुकान इकडे हलवलंत का?' मी म्हटलं, 'हो, आता चष्मे मोठे झालेत.'

खरं सांगू का, मला हे काम आवडायला लागलंय. तीस वर्षं मी तिळाएवढे स्क्रू फिरवतेय. हे तेच काम आहे, फक्त हे घसरून सतरंजीत हरवत नाही. बाराही तारा बोटांखाली एकदम जागेवर बसतात ना, तेव्हा एक बारीक टिक असा आवाज होतो. तुला ऐकू येतो का रे, की तुझे कान आता यंत्राने गेले?

सोबतच्या डब्यात एक पूर्ण केलेलं टोक आहे, वीतभर तारेसकट. तपासून सांग. जरासुद्धा वहिनी म्हणून सोडू नकोस.

आणि हो. 'एक जण' की 'एक जणी'? नकाशे काढणारा माणूस तुझ्या पत्राच्या समासात पेन्सिलीने 'इथे वहिनींची तब्येतही विचार' असं लिहून मग खोडरबराने पुसत नाही. खोडरबरही उजेडासमोर दिसतो, धाकटोबा.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

तुझं टोक मिळालं. व्हाइसच्या जबड्यात धरून उभं चिरलं आणी आत बघितलं. तारा सारख्या बसल्यात, चीर मोकळी आहे, सीलंट कोपऱ्यापर्यंत गेलंय. माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर मी त्याला कायमचं ठेवून घेतलं असतं.

हे सांगायला काल संध्याकाळी गोदीत फोन केला. म्हटलं, तू नाही तर क्रेनवाला तरी उचलेल, निरोप देईल. त्याने उचलला. मी सहज विचारलं, दादाचा खांदा कसा आहे? तो म्हणाला, 'हात अजून चालत नाही साहेबांचा, पायही ओढतात, पण काठी मात्र अशी आपटतात की सगळी गोदी जागी होते. बोलणं येईल हळूहळू, डॉक्टर म्हणालेत.' मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, 'ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला ना, तेव्हापासून. तुम्हाला माहीत असेलच की.' मी म्हटलं, हो, माहीत आहे.

परक्या माणसासमोर मी खोटं बोललो, कारण खरं बोलायची लाज वाटली. माझा भाऊ आजारी आहे आणी ते मला गोदीतला क्रेनवाला सांगतो.

तू मला बारा तारा कशा बसवायच्या ते विचारत राहिलीस आणी मी चित्रं पाठवत राहिलो. आणखी काही लिहवत नाही.


३० एप्रिल

माझ्या लाडक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने वाचलं, क्रेनवाल्यावर. मग पुन्हा वाचलं आणि दिसलं की सगळ्या 'आणि'ची णि परत दीर्घ झाली आहे. म्हणजे हे तू एकट्याने लिहिलंस, कुणाला न दाखवता. तेव्हा कळलं तुला किती लागलंय.

आता सरळ सांगते. ऑक्टोबरात एका सकाळी हे चहा पीत होते. कप कलंडला. मी म्हटलं, 'अहो, लक्ष कुठे आहे?' त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला लागले, आणि जे तोंडातून आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. क्रेनवाल्याच्या गाडीतूनच दवाखान्यात नेलं. आठवडाभर काही खरं नव्हतं. मग डोळे स्थिर झाले, माणसं ओळखायला लागले. घरी आणलं त्या दिवशी पहिली गोष्ट काय केली असेल? भिंतीकडे बोट दाखवलं, तुझा फोटो आहे तिथे. मी म्हटलं, 'धाकट्याला कळवू?' तर डावा हात असा जोरात हलवला की औषधाची बाटली पडली. मग तोच हात ओठांवर ठेवला आणि माझं मनगट धरून बसले. मी 'नाही कळवत' म्हणेपर्यंत सोडलं नाही.

तुझे वडील गेले तेव्हा तू खांद्याएवढासुद्धा नव्हतास. तेव्हापासून या माणसाने तुझ्यासमोर कधी शिंकसुद्धा दिली नाही. तू आला असतास, तर नोकरी टाकून आला असतास आणि इथे तोंड बारीक करून बसला असतास, आणि ते त्यांना सहन झालं नसतं. मी शब्द दिला. चुकीचा असेल. पण त्या मनगटावरचा हात तू बघितला नाहीस.

शब्दांचं म्हणशील तर आहेत सगळे, पण कपाटात कुणीतरी उचकापाचक केल्यासारखे. चहा हवा असला की 'शिडी' म्हणतात. शीड म्हणायचं तर 'शेजारी'. मला 'दरवाजा' म्हणतात. चाळीस वर्षांच्या संसारात मी बरंच ऐकून घेतलं, पण हे नवीन आहे. म्हणून आम्ही काठीवर ठरवलंय. एकदा आपटली की बरोबर, दोनदा आपटली की चूक. पहिल्या दिवशी माझ्या कामावर ती काठी इतकी वाजली की शेजारच्या बोटीवरचा सुतार ठेका धरून ठोकायला लागला.

आणि का करायला घेतलं, तेही सांगते. सगळी थंडी ते खिडकीत बसून बंदराकडे बघायचे. व्यायाम घ्यायला बाई यायची तर भिंतीकडे तोंड करायचे. एक दिवस मी चिडून पलंगाखालचं वेटोळं ओढून त्यांच्या पुढ्यात टाकलं आणि म्हटलं, 'हे तुम्ही आणलंत, याचं काय करू?' तर त्यांनी वाकून ते उचलायचा प्रयत्न केला. उजव्या हाताने. उचललं गेलं नाही, पण बोटं हलली. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा. मग मी ते परत पलंगाखाली ढकलायला वेडी आहे का?

सगळ्या तारा झाल्या आहेत. एकच राहिली, उजवीकडची वरची, डोलकाठीच्या शेंड्यापासून काठापर्यंत येते ती. ती तू इथे असताना तुझ्या हाताने यंत्रावर दाबून बसवलेली. हॅकसॉ लावला की काठी दोनदा. पुन्हा लावला, पुन्हा दोनदा. भिंगातून बघितली, बाहेरून स्वच्छ दिसते, म्हणून ठेवली. पुढच्या आठवड्यात क्रेनवाला डोलकाठी उभी करतोय.

रागाव, पण फार दिवस नको. आणि ती खोडरबरवाली कोण, हे अजून सांगितलेलं नाहीस.

तुझी,
वहिनी


९ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र तिने मोठ्याने वाचलं, कारण मला वाचवेना. 'दरवाजा'पाशी ती हसली, मग रडली, मग मला म्हणाली, 'आता तरी सांग त्यांना, नाहीतर मीच लिहीन.'

तर सांगतो. ती बंदराच्या ऑफिसात पाण्याच्या खोलीचे नकाशे काढते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या टेबलावर जाऊन ओरडलो होतो की तुमच्या नकाशात खडक चुकीच्या जागी आहे, माझ्या गिऱ्हाइकाची बोट घासली. तिने शांतपणे नकाशा माझ्या हातातून घेतला आणि फिरवून सुलटा करून परत दिला. नोव्हेंबरात आम्ही लग्न केलं. रजिस्ट्रारसमोर, तिची बहीण आणि माझा मुकादम साक्षीला.

हो, तुला न सांगता. लग्नाआधी मी घरी चार-पाचदा फोन केला होता, आठवतं? दर वेळी तू म्हणालीस, 'हे होडीवर आहेत.' दादा फोनवर येईना. मला वाटलं, मी इतकी वर्षं लांब राहिलो म्हणून तो रागावलाय, माझ्याशी बोलायचंच नाही त्याला. मग मलाही राग आला. म्हटलं, नाही तर नाही. पण त्याला आधी सांगितल्याशिवाय तुला सांगणं बरं वाटेना, आणि दिवस जात राहिले. आता कळतंय की मी रुसलो होतो तेव्हा तो 'शिडी' म्हणून चहा मागत होता.

त्यामुळे तुझ्यावर रागवायचा हक्क मला उरला नाही. ती म्हणते, दोघं एकाच मापाचे आहात.

आता महत्त्वाचं. उजवीकडची वरची तार काढ. माझ्या हातची आहे म्हणून दादा काढू देत नाहीये, हे मला इथे बसून दिसतंय. पण यंत्राने दाबलेल्या खालच्या टोकात वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि पोलाद आतून चिरतं. तुझ्या भिंगाला ते दिसणार नाही. त्याला सांग, मी म्हणालो म्हणून. काठी कितीही वाजू दे.

महिनाअखेरीस आम्ही दोघं येतो. मी येईपर्यंत शीड वर चढवू नका.

धाकटा

(वहिनी, नमस्कार करते. तो टोपी आणि बाही नीट सांगत नव्हता, म्हणून तीनदा चित्र काढावं लागलं. भेटू तेव्हा सगळं सांगेन. — नकाशेवाली)


१६ मे

प्रिय धाकटोबा, आणि प्रिय सूनबाई म्हणू की जाऊबाई म्हणू, माझ्या नकाशेवाली,

लग्नाबद्दल मी तुम्हा दोघांशी वेगळं भांडणार आहे, समोरासमोर, पोटभर. ह्यांना वाचून दाखवलं, तर काठी एकदा आपटली. मग जरा थांबून आणखी एकदा. मी म्हटलं, 'हे हो की नाही?' तर त्यांनी तिसऱ्यांदा आपटली आणि खिडकीबाहेर बघत बसले. याचा अर्थ आम्ही ठरवलेला नाही, पण मला कळला.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आम्ही रविवारी शीड चढवलं होतं.

ओरडू नकोस, आधी ऐक. सकाळ इतकी स्वच्छ होती, वारा हलका, आणि ह्यांनी स्वतःहून कोट मागितला ('खुर्ची' म्हणाले, पण कोटाकडे बोट होतं). क्रेनवाल्याला सोबत घेतलं. त्याने आणि मी मिळून ह्यांना हाताखाली धरून होडीत उतरवलं, उशा लावून मागे बसवलं. सुकाणू माझ्याकडे. क्रेनवाल्याचं तुला सांगायलाच हवं. हा माणूस दिवसभर आभाळात लटकलेल्या केबिनीत डुलत बसतो, आणि बंदराच्या भिंतीबाहेर पडलो नाही तोच हिरवा पडून होडीच्या तळाशी आडवा झाला.

बाहेर वारा होता, आतून वाटला त्यापेक्षा बराच. उजवीकडून येत होता. होडी कलली, तारा ताणल्या, आणि मी वर बघितलं तर माझी सगळी टोकं उन्हात चमकत होती. तुला सांगते, एवढा गर्व मला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता. ह्यांचे केस उडत होते. ते हसत होते, आणि तोंड वाकडं होतं हे मला त्या वेळी दिसलंच नाही.

मग एक आवाज झाला. कपाटाचं दार कुणी आपटावं तसा. उजवीकडची वरची तार खालच्या टोकातून निसटून सापासारखी हवेत गेली. डोलकाठी वरून वाकली. मी वाकताना बघितली, डोळ्यांनी, एखादा माणूस मान टाकतो तशी.

ह्यांनी ओरडायला सुरुवात केली. 'दरवाजा! दरवाजा! शिडी!' डावा हात हवेत. पण मी तोवर सुकाणू पूर्ण लोटलं होतं. कसं सुचलं विचारू नकोस, चाळीस वर्षं या माणसाच्या शेजारी होडीत बसलेय. होडीचं नाक वाऱ्यातून वळलं, वारा डावीकडून लागला, शीड फडफडत दुसऱ्या बाजूला गेलं, आणि सगळा ताण डावीकडच्या तारांवर आला. माझ्या तारांवर. डोलकाठी सरळ झाली. मी श्वास धरून डावीकडच्या वरच्या टर्मिनलकडे बघत होते. ते हललंसुद्धा नाही.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मी क्रेनवाल्याला पायाने ढोसून उठवलं, सुकाणू धरायला लावलं, शीड उतरवलं, आणि शीड चढवायची मोकळी दोरी डोलकाठीच्या टोकावरून खाली घेऊन उजव्या काठाच्या कडीला बांधून आवळली, म्हणजे तात्पुरता तरी आधार झाला. मग मोटर लावून हळूहळू परतलो. क्रेनवाला सगळ्या वाटेवर एकच वाक्य म्हणत होता, 'जमीन बरी असते, बाई.'

धक्क्याला लागल्यावर आधी होडी बांधली. मग मी खाली बसले आणि ह्यांच्यावर ओरडले, अगदी सगळ्या गोदीसमोर. 'ती तार कापू दिली नाहीत! भावाच्या हातची म्हणून! डोलकाठी डोक्यात पडली असती म्हणजे?' त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला आणि एकेक शब्द शोधत शोधत, असा वेळ लावून की क्रेनवालाही थांबून बघत राहिला, म्हणाले, 'मी... तेच... सांगत... होतो.'

'काय सांगत होतात?'

'वळव.'

बरोबर शब्द होता, धाकटोबा. उशिरा आला, पण बरोबर. मी म्हटलं, 'कळलं होतं मला.'

तुझं तुटलेलं टोक मी जपून ठेवलेलं नाही. चिरून आत बघितलं, तू म्हणालास तसंच होतं, काळं पडलेलं, भेगाळलेलं. समुद्रात टाकलं. ह्यांनी बघितलं, काठी वाजली नाही. काल दुपारी तिथे नवीन तार मापून कापली आणि दोन्ही टोकं बसवली; वरचं क्रेनवाल्याने वर चढून अडकवलं. खालच्या टोकाची शेवटची आवळणी ह्यांनी केली. पाना मी धरला होता, पण हात त्यांचा होता. उजवा. अर्धा फेरासुद्धा नसेल.

दर महिन्याला मी आता सगळी टर्मिनलं गोड्या पाण्याने धुणार, भिंग घेऊन तोंडाशी एखादी तार तुटली आहे का बघणार, पिनांवरची चिकटपट्टी बदलणार. गिऱ्हाईकांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी दुकान बंद.

आज सकाळी मी उठले तर हे दाराशी खुर्चीत बसले होते. कोट घातलेला, बटणं चुकवून. बूट घातलेले, डावा उजव्यात. हे सगळं त्यांनी मला न उठवता केलं होतं, त्याला किती वेळ लागला असेल देव जाणे. मी म्हटलं, 'अहो, आज कुठे? आज पानसुद्धा हलत नाहीये.'

ते म्हणाले, 'येईल.'

वारा म्हणाले की तुला म्हणाले, ते मी विचारलं नाही. त्यांचे बूट सुलटे केले आणि माझे घातले.

तुमची,
वहिनी